सात की आठ

एक फेरा म्हणजे दोन मिलिमीटर.
कडीवर शंभर रेघा, रेघेला दोन शतांश.
हे मला कायतान मेस्तानं शिकवलं
आमोण्याच्या धक्क्यावर, बार्जांच्या वर्कशॉपात.
मी एकोणीस वर्षांचा, नखांत खनिजाची तांबडी माती.
"मोजताना ओठ हलवू नकोस," म्हणायचा,
"गिऱ्हाइकाला वाटेल, च्यारी प्रार्थना करतो."

खाणी बंद पडल्या, वर्कशॉपला कुलूप लागलं.
लिलावात हे लहान मिलिंग मशीन मी उचललं,
पिकअपवाल्याला भाडं, चौघांना भाजीपाव,
आणि न्हाणीमागच्या शेडात बसवलं.
त्या दिवसापासून घरात एक कायदा:
चाक फिरत असताना कुणी बोलायचं नाही.

प्रफुल्ला एकदा आतून म्हणाली,
"अहो, गॅस संपला."
सात की आठ?
पितळेचा तुकडा फुकट गेला. मग मी जे बोललो
ते इथे लिहीत नाही.
त्यानंतर ती उंबऱ्यापाशी येऊन थांबायची,
चाक थांबेपर्यंत.
कधी कधी सांगायचं ते तसंच घेऊन परत जायची.

औंदा मोतीबिंदू काढला, तरी रेघा एकमेकींत शिरतात.
भाचा दत्तेश म्हणाला, "मामा, डिजिटल लावू."
चांगल्या संचाला पंचवीस हजार. माझ्याकडे तीन.
मग तीन स्वस्तातले डिजिटल व्हर्नियर मागवले
आणि ग्राइंडरनं त्यांचे जबडे उडवले.
मेस्त असता तर
कानाखाली वाजली असती.

पोलाद असलं कडक, ड्रिल नुसतं किंचाळलं.
शेवटी जुन्या खिडकीचं ॲल्युमिनियम कापून चिमटे केले,
डायल लावून पट्टी टेबलाला समांतर आणली,
चुऱ्यापासून आडोसा म्हणून वर वायरिंगची प्लास्टिक पट्टी.
मोटर सुरू केली की आकडे अंगात आल्यासारखे नाचायचे;
अर्थिंगची तार जोडली, निवले.
बटणाएवढे सेल आठवड्यात मरायचे,
दत्तेशनं बाहेरून पेन्सिल सेल डकवून दिला.
राहिली आमची दमट हवा. पट्टीला घाम सुटला
की आकडा उगाच सरकतो.
कोरडं फडकं खिशात ठेवतो.

पहिल्याच दिवशी चाक उलटं फिरवलं.
पाव फेरा झाला, आकडा जागचा हलेना.
वाटलं, बिघडलं.
बिघडलं नव्हतं. स्क्रूचा आटा झिजलाय,
दिशा बदलली की चाक आधी रिकामंच फिरतं.
हे माहीत होतं मला, मनात वजा करत आलो इतकी वर्षं.
पण असं समोर, उजेडात
कधी बघितलं नव्हतं:
हात फिरतोय, आणि काहीच हलत नाही.

आज इनासच्या होडीच्या पंपाची फ्लँज लावली आहे. चार भोकं.
दुसऱ्याकडे जाताना उंबऱ्यावर सावली पडली,
सवयीनं थांबली.
मी चाक फिरवत फिरवतच म्हटलं, "बोल."

"मोजत नाही तुम्ही?"
"ते मोजतंय."

ती आकड्यांकडे बघत राहिली.
बराच वेळ तिला काही सुचलं नाही, मलाही.
चाक सोडलं. अठ्ठावीस पूर्णांक चाळीस.

मग म्हणाली, "तो पितळेचा तुकडा अजून आहे हं.
माजघराची खिडकी आपटू नये म्हणून लावते."

अठ्ठावीस चाळीस.
मग एक शतांश सरकला, घामानं असेल.
फडकं खिशातच होतं.
काढलं नाही.