वाळूच्या पोटात काही राहत नाही

हार्युलाच्या पंपावर आता पेट्रोल मिळत नाही.
छपराखाली दोन यंत्रं उभी, नळ्या कापलेली,
भावाच्या पाटीवर एक आकडा
अजून एका खिळ्यावर लटकलेला.

ऑक्टोबर. नऊ वाजलेत, नीट उजाडलेलं नाही.
ताइस्तोनं ड्रिल टेकवलं टाक्यांपासून आठ पावलांवर
आणि मी वहीत लिहिलं : बोअर क्रमांक चार.

वर डांबर, मग खडी.
त्याखाली भराव : विटांचे तुकडे, कोळसा,
आणि एक चमचा, दांडा वाकलेला.
दीड मीटरपर्यंत असंच सगळं, माणसांचं.
मग माणसं संपतात.

चिकणमाती लागते. करडी, गार, साबणासारखी.
सुरीनं कापली की आत रेघा :
एक फिकट, एक काळी, एक फिकट, एक काळी.
फिकट म्हणजे उन्हाळा, वितळत्या बर्फाचं गढूळ पाणी
तळ्यात येऊन निवलेलं.
काळी म्हणजे गोठलेल्या तळ्याखालचा हिवाळा.
हातभर तुकड्यात मी ऐंशी वर्षं मोजली.
"माझ्या आजोबाएवढी," ताइस्तो म्हणाला,
"तेही असेच. तोंडातून शब्द फुटायचा नाही."

चांगली माती आहे ही. पोटात ठेवते.
पण तीन मीटर चाळीसला ती संपते,
कुणी वाक्य अर्धं टाकून उठावं तशी,
आणि वाळू सुरू होते.

हिमनदीच्या पोटाखालून वाहिलेल्या नदीची वाळू.
बर्फ गेला, नदी गेली, हजारो वर्षं झाली,
उतार मात्र तिचाच : आग्नेयेला.
टाकी पुरताना माती पूर्ण फोडली होती त्यांनी,
तळ नेमका वाळूवर टेकवला.
पाया भक्कम हवा म्हणून.

चार मीटर वीसला वास आला.
ताइस्तोनं कानामागची सिगारेट काढून
मुकाट्यानं खिशात टाकली.
पाणी लागलं पाच साठला. अर्ध्या तासानं, तेवढंच.
बाटलीत तवंग फिरला, मोरपिशी, जांभळा.
सुंदर दिसतो. ते वहीत लिहायचं नसतं.

इर्यानं दिलेली दुसरी वही आहे माझ्याकडे, ओइवाची.
रोज सकाळी टाकीत पट्टी बुडवून
त्यानं माप टिपलंय, एकोणीस वर्षं.
उणे दोन लिटर. थंडी.
उणे तीन. थंडी.
उणे दोन. थंडीनं आकसतं.
जुलैच्या पानावरही, त्याच नेटक्या अक्षरात :
उणे दोन. थंडी.
कुठंतरी पाणी मुरतंय म्हणतात ना,
तेच, फक्त पाणी नव्हे.

अकराला इर्या आली, थर्मास आणि वेलचीचे पाव घेऊन.
तिचं घर साठ मीटरवर, बर्चच्या झाडांपलीकडे. विहीर अंगणात.
कप अर्धा संपल्यावर मला सुचलं विचारायचं :
पाणी कुठलं?

"पाहुण्यांना दुकानातलं," ती म्हणाली.
"विहिरीचं माझ्यापुरतं."

मग बराच वेळ ड्रिलच्या खांबाकडे बघत राहिली.
"वास यायचा. घराला, उशीला, सौनातल्या वाफेलासुद्धा.
मला वाटायचं, त्याचाच. दिवसभर पंपावर असायचा.
हात कितीही घासले तरी
नखांत राहतंच ते.

तो गेला तीन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये.
वास राहिला."

ताइस्तोनं यंत्र बंद केलं होतं, तरी उगाच एक नट पिळत राहिला.
"कळलं होतं तेव्हाच," इर्या म्हणाली. "वेडी नाही मी.
पण तुम्हाला फोन केला असता तर
तुम्ही विहीर बंद केली असती."

करू. दोन आठवड्यांनी अहवाल येईल,
नगरपालिकेचा माणूस येईल, झाकणाला कुलूप लावील.
साफ व्हायला किती वर्षं, तिनं विचारलं नाही;
मीही सांगितलं नाही.

बाटलीवर लेबल लावलं : क्रमांक पाच, विहीर.
चल दाखवते, म्हणाली, आणि पुढं झाली,
गवतात रुळलेल्या पायवाटेनं,
हातात रिकामा थर्मास,
नाकासमोर, आग्नेयेला.