तेवीस पौंड

कागदाच्या गिरणीतून सकाळी सहाला सुटलो,
बुटांसकट आडवा झालो,
आणि नऊला टिल्डा माझ्या छातीवर बसलेली,
टोपी उलटी, एकच मोजा:
"आज भोपळे. तू म्हणाला होतास."

म्हणालो होतो. बुधवारी, फोनवर,
दुसरं काही सुचेना तेव्हा.

टेश म्हाताऱ्याचा मळा गावाबाहेर चार मैलांवर.
पाटी दरवर्षी तीच, फक्त आकडा खोडून नवा:
पौंडाला साठ सेंट.
रात्री दव गोठलं असावं.
वेल काळे पडून मातीला चिकटलेले,
आणि त्या सगळ्या पडझडीत भोपळे तेवढे
कुणीतरी आत्ताच पुसून मांडल्यासारखे.

ॲन्सन चार वर्षांचा.
तो प्रत्येक भोपळ्यावर टकटक करतो, कान लावतो.
"घरी कुणी नाही," मला सांगतो
आणि पुढच्या दाराशी जातो.

टिल्डाकडे यादी आहे.
देठ लांब हवा. बूड सपाट हवं. चामखीळ नको.
"मागच्या वर्षी आईने निवडलेला खालून कुजका निघाला,"
म्हणते, आणि झटकन माझ्याकडे बघते,
हातातून कप निसटावा तशी.
"मीच निवडला होता तो," मी म्हणतो.
खोटंच. पण आता कुणी निवडला होता
याने काय फरक पडतो.

मरेनचं नि माझं, लोक म्हणतात, विळ्याभोपळ्याचं सख्य.
विळा कोण आणि भोपळा कोण
ते मात्र कुणी सांगत नाही.
ती सध्या बहिणीकडे असते, डुलूथला.
'सध्या' हा शब्द जूनपासून
आमच्याकडे मुक्कामाला आहे.

मक्याच्या चक्रव्यूहात आम्ही दोनदा
त्याच बुजगावण्यापाशी आलो.
दुसऱ्या वेळी ॲन्सनने त्याला ओळखीचं हसून दाखवलं.
मला उभ्या उभ्या डुलकी लागत होती.
गरम सफरचंदाचा रस घेतला, तिघांत दोन पेले,
टिल्डाच्या बाहीवर अर्धा.

आणि मग बांधाच्या कडेला,
तणात, कुणी न पाहिलेला एक:
एका कुशीवर झोपून वाढलेला,
अर्धा हिरवा, देठ मोडका, चामखिळी मोजून नऊ.
ॲन्सनने टकटक केलं. कान लावला.
बराच वेळ लावून राहिला.
"आहे," तो हळूच म्हणाला. "घरी आहे."

टिल्डाने यादी काढली. पुन्हा खिशात घातली.
"ठीक आहे," ती म्हणाली,
सात वर्षांच्या माणसाला जमेल तितक्या थकव्याने.

टेशने काट्यावर ठेवला: तेवीस. तेरा डॉलर ऐंशी.
मग ॲन्सनला उचलून ठेवला: सदतीस.
"याचे बावीस वीस होतात. घरी नेतोस, की राहू दे इथेच?"
ॲन्सनने माझ्याकडे असं पाहिलं
की मी विनोद संपायच्या आत पाकीट काढलं.
म्हाताऱ्याने शेजारी कोण नाही ते पाहिलं.
विचारलं नाही. पाव डॉलर परत करताना
मूठ जराशी जास्त वेळ धरली.

डिकीत बर्फाचे टायर, कामाचे बूट, मरेनची सायकल.
मागे दोन खुर्च्या, दोन पोरं.
भोपळा पुढे ठेवला, माझ्या शेजारी.

किल्ली फिरवली आणि गाडी ओरडायला लागली:
टिंग, टिंग, टिंग.
लाल दिवा. तिथे माणूस बसलंय
अशी तिची खात्री.
जूनपासून ती जागा एकदाही वाजली नव्हती.
मी नुसता ऐकत बसलो. जरा जास्तच वेळ.

मागून टिल्डा, खिडकीबाहेर बघत:
"तिला पट्टा लाव ना."

भोपळा. तो.
मी काही दुरुस्त केलं नाही.
खट्. गाडी गप्प.

चार मैल सावकाश आलो,
आणि प्रत्येक वळणावर माझा उजवा हात
सवयीने आडवा जात राहिला.