डीपीजवळचा देव

वडगावात माझं फ्लेक्सचं दुकान.
मशीन भाड्याचं, शाई उधारीची.
माग चालत होते तोवर साड्यांचे सेल छापायचो.
माग भंगारात गेले,
आता देव छापतो.

हा धोंडा गटार खोदताना निघाला.
कंत्राटदाराच्या माणसांनी डीपीच्या कडेला लोटला.
मी पाहिलंय.
त्यावर बसून चहा प्यालोय कितीदा.

मग कुणी शेंदूर फासला,
म्हणे, तिथं लघवीला बसू नयेत म्हणून.
मग भरमाणी मुचंडीकर, फौंड्रीतली रात्रपाळी संपवून
घरी जाताना तिथं चप्पल काढू लागला.
विचारलं तर म्हणाला,
"इथं दोन मिनिटं कोण टार्गेट विचारत नाही, मामा."

पाटी करायला पोरं आली,
त्यातला एक घरात बसून बेंगळूरची नोकरी करणारा.
स्थापना साल काय टाकू?
एकमेकांकडे बघितलं.
"प्राचीन घाला की."
घातलं.
चौदा महिन्यांचं प्राचीन.

वर कन्नड, नियमाप्रमाणे मोठं,
खाली मराठी.
याच अक्षरांच्या मापावरून
माझी दर्शनी काच फुटली होती एकदा.
या पाटीवर अजून कुणी दगड उचलला नाही.
इरव्वा कन्नडात गाऱ्हाणं घालते,
भरमाणी मराठीत,
आणि मधे डीपी घूंऽऽ करत
दोघांचंही ऐकल्यासारखा.

गेल्या आठवड्यात एक फ्लेक्स बिघडला.
शेंदरी चेहरा निळा आला.
बिघडलेले मी स्कूटरवर झाकायला घेतो,
पडलेले उमेदवार, भावपूर्ण श्रद्धांजलीवाले,
वाढदिवसाचे दादा,
सगळे माझ्या सीटवर ऊन खाऊन गेलेत.
घडी बसत नाही म्हणून पायाने दाबायची सवय.

पाय उचलला
आणि तसाच राहिला.
चेहरा आत घ्यावा की बाहेर?
दुकानात कुणी नव्हतं.
मी चप्पल काढली,
मग लाज वाटली, परत घातली,
मग पुन्हा काढली.

आता ती गुंडाळी माळ्यावर उभी आहे.
मानतोस का, असं विचाराल
तर नाही.
पण तो धोंडा बसायला बरा होता,
गार, एका कडेला सपाट,

आणि हल्ली चहा
मी उभ्यानेच पितो.