राजधानी : नाही

सकाळी प्रेसचा भोंगा होतो
तेव्हा जेल रोडच्या तिसऱ्या मजल्यावर
मी एक देश उघडते.

तेहतीस वर्षं त्याच प्रेसमध्ये काढली.
तिकिटांचे कागद, डिंकाचा वास,
पासपोर्टाची कोरी पुस्तकं गठ्ठ्यांनी मोजली,
स्वतःचा पासपोर्ट काढायचा राहून गेला.
आता हे बिनपगारी काम :
सोप्या मराठीतला ज्ञानकोश, संगणकावरचा,
त्यातल्या प्रत्येक देशाच्या उजव्या हाताला
एक चौकट.

साचा एक, देश दोनशेच्या आसपास.
हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.
प्लेट एकदा नीट कोरली
की लाखावं तिकीट पहिल्यासारखंच निघतं.
चूकही.

पहिल्या मसुद्यात एकवीस ओळी होत्या.
मेथी निवडावी तशी बसले.
गाड्या रस्त्याच्या कुठल्या बाजूने, काढलं.
फोनचा आकडा, काढलं.
दरडोई उत्पन्न अल्फियाने काढलं.

अल्फिया पिंजारी, खालच्या मजल्यावरची, सातवी अ,
माझी परीक्षक.
मानधन देशामागे एक खारी.
"दरडोई म्हणजे?"
मी खोडून लिहिलं :
एका माणसाच्या वाट्याला वर्षभरात येणारे पैसे.
तिने बोट ठेवून वाचलं.
"येतात?"
म्हणजे, सगळ्यांना सारखे वाटले असते तर आले असते.
"पण वाटतात?"

ओळ गेली.

चौरस किलोमीटर तिला दिसेना.
म्हणून लिहिलं : भूतान, नाशिक जिल्ह्याच्या अडीच पट.
लक्झेंबर्ग तर जिल्ह्यात सहा वेळा मावला.
इगतपुरीपासून येवल्यापर्यंत आम्ही तो
बोटांनी मांडत गेलो,
एक सुरगाण्यात थोडा दुमडला.
वर्ध्याहून बेलखोडे सरांनी कळवलं,
काम छान आहे, पण आमच्या पोरांनी
नाशिक कशानं मोजायचं?
खरंच की.
मग साच्यात तेवढं एक भोक ठेवलं,
वाचणाऱ्याने आपापला जिल्हा त्यात घालावा.

असं करत करत नाउरू आला.
समुद्रात एक ठिपका. झेंडा भरला, माणसं भरली.
राजधानी?
नाहीच त्यांना. ठरवलेलीच नाही.
साच्याचा नियम मीच लिहिलेला :
जागा रिकामी असेल तर ओळ दाखवू नये.
ओळ गेली, खालच्या ओळी वर सरकल्या,
फट नाही, काही नाही.
मी खूश.

"पण मग कसं कळणार,"
खारी चहात धरून अल्फिया म्हणाली,
"त्यांना नाहीये, की तुम्ही विसरलात?"

खारी तुटून कपात पडली.

नोकरीला लागले तेव्हाचा अर्ज.
पतीचे नाव. मी तो रकाना तसाच सोडला होता.
खिडकीतल्या बाबूंनी चष्म्यावरून पाहिलं
आणि लाल शाईने लिहिलं : निरंक.
नव्या भरतीतल्या पोरी मला
पुढे दोन वर्षं निरंक म्हणत.
मी हसायचे. शब्द तसा वाईट नव्हता,
फक्त आपला नव्हता.

दुपारभर साचा उसवून बसले.
माहीत नाही, वेगळं.
नाही, वेगळं.
अजून लिहायचंय, तेही वेगळं.
तिघांना एकाच पांढऱ्या जागेत कोंबलं होतं मी,
आणि वर नीटनेटकं दिसतं म्हणून कौतुक.

आता नाउरूच्या चौकटीत आहे :
राजधानी : नाही.
सरकारी कचेऱ्या यारेन भागात.
पॅरिसला जेवढं अक्षर, तेवढंच या नाहीला.
लाल नाही. तिरपं नाही.

संध्याकाळचा भोंगा.
कळफलकाच्या फटीत खारीचा चुरा.
पुढचा नामिबिया,
त्याला राजधानी आहे,
आणि अल्फिया जिना उतरताना
विंडहुक, विंडहुक, म्हणून बघतेय,
दर पायरीला एकदा.