पाणी बेतानं

ऑरोरूच्या उत्तरेला पाऊस कागदावरच पडतो.
म्हणून नर्सरीतल्या हार्टविगबाईंनी रोप देतानाच बजावलं,
"एरेमोफिला. पसरेल. दोन मीटर, कदाचित तीन.
पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली,
मग हात आखडता घ्या.
लाडानं मरतं हे."

त्याच आठवड्यात ब्रॉडी आला,
पोर्ट पिरीतल्या आईच्या घराला कुलूप लागल्यावर.
अकरा वर्षांचा. एक बॅग, एक उशी,
आणि माझ्याकडे बघायचं नाही
असं ठरवून आणलेली नजर.
गॅरेथ ट्रक घेऊन डार्विनच्या वाटेवर.
महिन्यातले वीस दिवस घरात आम्ही दोघं
आणि फ्रीजची घरघर.

कुंपणाकडेला खड्डा खणला.
वर लाल माती, खाली चुनखडी, कुदळीला ठिणग्या.
खत नाही, नुसती खडी.
ब्रॉडी पायरीवर बसून बघत होता,
बघत नसल्यासारखा.

जानेवारीत पारा सेहेचाळीसवर.
शेजारच्या मेविसचे गुलाब उभ्या उभ्या भाजले.
माझं झुडूप राखाडी, पानांवर रुपेरी लव,
सरड्यासारखं जमिनीला पोट लावून पडलेलं.
मला राहवेना.
भांड्यांचं पाणी, अंघोळीचं पाणी,
एकदा तर किटलीत उरलेला गार चहा.
त्यालाही तसंच:
अजून एक पॅनकेक घे, टोपी घाल,
शाळेत कुणी काही बोललं का?

मार्चमध्ये फांद्यांची टोकं काळी पडली,
आणि ब्रॉडीनं दाराला आतून कडी लावली.

"जीव लावलात ना?" हार्टविगबाई फोनवर म्हणाल्या.
"मी झाड लावायला सांगितलं होतं."

हात आवरायला शिकले.
पॅनकेक ताटलीत ठेवायचा, खोलीतून निघून जायचं.
बादली उपडी. तिच्यावर मांजर.
त्या हिवाळ्यात पाऊस आलाच नाही,
आणि कुणी रुसलंही नाही.

दुसऱ्या सप्टेंबरात फुललं.
लाल, वाकड्या, बोटाएवढ्या नळ्या.
हनीईटर उलटा लटकून चोच बुडवायचा.
झुडूप वाटेवर आलं, टपालपेटीच्या पायाशी,
ट्रकची अर्धी जागा खाऊन बसलं.
ओसरी दिली की हातपाय पसरायचेच.
ब्रॉडीचे बूट तोवर बैठकीत, मोजे कुठेही.

मग बुंध्यातून एक भलतीच फांदी
सरळ वर उठली, हिरवी, चकचकीत,
पांढऱ्या बारीक फुलांची.
खुंटाचा फुटवा.
कलम होतं ते. वर हे झाड, खाली दुसऱ्याच कुणाची मुळं,
चुनखडीत तग धरावा म्हणून.
नियम असा की दिसला फुटवा की छाटायचा,
नाहीतर वरच्याला गिळतो.

कात्री घेऊन वाकले, तर ब्रॉडी मागे उभा.
"ते कुणाचं?"
"मुळांचं," म्हटलं. "आधीच्या झाडाचं."

बराच वेळ काही नाही.
मग म्हणाला, आईला झाडं आवडायची नाहीत.
घरात एकच फर्न होतं, प्लास्टिकचं,
आणि एकदा, दमून आलेली असताना,
तिनं त्यालाही पाणी घातलं होतं.
पाणी टीव्हीवर सांडलं.
हे सांगताना तो हसला. मग हसायचा थांबला.
मी कात्री खिशात घातली. काही बोलले नाही.
तेवढं आता जमतं.

फांदी ठेवली.
दर ऑगस्टला गुडघ्यापर्यंत कापते, मुळापासून नाही.
हार्टविगबाई नाक मुरडतात.
गॅरेथ ट्रक रस्त्यावरच लावतो.