पाणी हितंवर

लग्नपत्रिका, उमेदवारांचे झेंडे, तालमीच्या बनियनी,
शाहूपुरीत माझा स्क्रीनचा धंदा.
म्हणून मला विचारतात, ब्रँड कुठं सुरू झाला.

सीपीआरच्या मागं, भावा, भंगारात.
निलोफर शिकलगारनं तिथनं एक्स-रे उचलले किलोवर.
एकावर कुणाच्या तरी बरगड्या होत्या.
त्या बरगड्यांतनंच तिनं ब्लेडनं अक्षरं कापली:
पाणी हितंवर.

पूर ओसरून महिना झालेला.
गाळ उपसून लोक गप्प,
पंचनाम्यात दोन फूट कमीच लिहिलेले.
रात्री धैर्यशील शिडी धरायचा,
निलोफर चढायची,
मी खाली टॉर्च घेऊन, कुत्र्यांना बिस्कीट टाकत.
दुधाळी, व्हीनस कॉर्नर, कुंभार गल्ली,
ओल जिथं थांबलेली तिथंच निळी रेघ,
रेघेखाली दोन शब्द.
माप घरातल्या माणसाला विचारून.
कोण गुडघा दाखवायचं, कोण गळा.
एका म्हाताऱ्यानं नुसतं माळ्याकडं बघितलं.

दिवाळीआधी महापालिकेचा चुना फिरला.

दुसऱ्या दिवशी अक्काताई कुंभार दुकानात,
हातात मालकांचा पांढरा सदरा.
"भिंत पुसली त्यांनी. ह्याच्यावर मार.
गणपती डोक्यावर धरून उभं हुतं, तवा
पाणी हितं हुतं."
बोट पाचव्या गुंडीवर.
पैसे घेतले नाहीत मी. तोच पहिला पीस.

मग चाळीस झाले. मग चारशे.
प्रत्येकाची रेघ वेगळी, दर वेळी फ्रेम हलवायची,
माझा कारागीर शिव्या द्यायचा.
धैर्यशीलनं इचलकरंजीचं कापड आणलं,
लेबल विणून घेतलं,
पुण्याचं दुकान म्हणालं, रेघ एकाच जागी ठेवा,
छातीवर,
एस पासून डबल एक्सेलपर्यंत.
निलोफर दोन दिवस बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी तिनंच फ्रेम ठोकली, पक्की.
घराचा हप्ता तिलाही होताच.

आता पंचगंगा न बघितलेली पोरं
ते घालून फोटो काढतात.
चांगलं दिसतं. खोटं कशाला बोलू.

परवा कुंभार गल्लीतनं आलो.
अक्काताई लुगड्यावर तोच सदरा चढवून
शाडू मळत होती.
मालक उंचापुरे, ती एवढीशी;
रेघ पार खाली, मांडीपाशी.
मी बघतोय बघून हसली,
मातीचा हात तसाच वर धरून म्हणाली,
"ओसरलं बघ."