शोधमर्यादेखाली

लीना गायधनीनं रामकुंडाचं पाणी आणून दिलं
तेव्हा बाटली बर्फपेटीतून काढलेली, गार होती.
लेबलवर तिचं तिरकं अक्षर: र. कुं. ३, सकाळी सहा चाळीस.
खाली पेन्सिलीनं: बेलाचं पान काढून टाकलं.

मी गाळलं. फॉर्मिक आम्ल घातलं,
मुंगी चावताना देते तेच,
फक्त मोजून.

पूर्वी आम्ही टिनचं क्लोराइड ओतायचो.
बाह्यांवर डाग, कॅनच्या कॅन भरून टाकाऊ.
आता नुसता उजेड.
क्वार्ट्झची बारीक नळी दिव्याभोवती गुंडाळलेली;
सापाचं वेटोळं म्हणणार होते, पण ती दिसते
बागेच्या पाइपसारखी, पाणी घालून झाल्यावर खुंटीला लावलेल्या.
वर पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद,
कारण तो दिवा डोळ्यांनी बघायचा नसतो.

पाणी नळीतून जातं.
उजेड आम्लाला फोडतो,
त्याचे तुकडे पाऱ्याला गाठतात
आणि पारा पाणी सोडतो.
उकळी नाही, ज्योत नाही.
आर्गॉन येतो, त्याला घेऊन जातो,
कुणाशी काही न बोलणारा हमाल.

पहिली दोन वर्षं माझ्या ध्यानातच आलं नाही
की त्या दिव्यातही पाराच आहे.
त्याचाच उजेड पाण्यातल्या पाऱ्याला उठवतो,
आणि पलीकडे, यंत्राच्या काळ्या पेटीत,
पाऱ्याचाच दुसरा दिवा विचारतो,
आमच्यातला का रे तू?
तो क्षणभर चमकतो.
दोनशे त्रेपन्न पूर्णांक सात नॅनोमीटर.
आईच्या वाढदिवसापेक्षा हा आकडा मला पक्का पाठ.

आईच्या डाव्या दाढेत चांदी होती.
पंचवटीत, डॉक्टर शौच्यांच्या दवाखान्यात बसवलेली,
खलात घोटून, मी शेजारच्या स्टुलावर पाय हलवत.
"माझी एफडी," म्हणायची, गालावर बोट आपटून.
चांदीत निम्मा पारा असतो
हे मला एम.एस्सी.ला कळलं. तिला नाही सांगितलं.

अकरा मार्चला, अमरधाममध्ये,
एफडी मोडली असणार.
पारा तीनशे सत्तावन्नला उकळतो, लाकडं त्याहून पुष्कळ तापतात.
सगळे हात जोडून उभे होते
आणि मी धुराकडे बघत आकडेमोड करत होते.
तेव्हा लाज नाही वाटली.
उरलेलं आम्ही रामकुंडात सोडलं.
"इथं अस्थी विरघळतात," दादा म्हणाला.
मी म्हटलं, पीएच किती आहे?
तो हसला नाही. मीही गंमत करत नव्हते.

तर, र. कुं. ३.
आधी कोरा नमुना. कोराही थोडं बोलतोच,
आम्लातून, काचेतून, माझ्या हातमोज्यातून.
मग कुंडाचं पाणी.
पडद्यावरच्या रेघेला एक उंचवटा आला,
इतका लहान, की एसी सुरू होतानाही येतो.
तीनदा केलं.
नियमात नसताना चौथ्यांदा केलं.

खैरनार सर दारातून डबा हलवत म्हणाले,
"शून्य टाक आणि नीघ, पावणेआठ झाले."
शून्य नाही टाकता येत, सर.
शून्य म्हणजे नाही.
आपल्याला दिसत नाही, एवढंच आपल्याला माहीत आहे.
"बरं, मग जे असेल ते," सर म्हणाले. त्यांची बस होती.

रिपोर्टात यासाठी एक शब्द आहे.
तो टाइप केला. र्‍हस्व-दीर्घ दोनदा तपासलं.

नळी धुतली, दिवा घालवला.
गार होताना त्याच्या काचेवर आतून
राखाडी दव धरतं, रोजच.
लीनाची पुढची बाटली उचलली:
गंगापूर धरण, खालचा दरवाजा.
पेन्सिलीनं काही लिहिलेलं नाही.